बसायला जागा

संध्याकाळी सात-साडेसातला लोअर परळच्या ऑफिसांमधून माणसं बाहेर पडू लागतात. गळ्यातली ओळखपत्रं खिशात जातात, फोन कानाला लागतात, आणि स्टेशनकडे निघालेल्या त्या लोंढ्यातून काही जण मधेच एखाद्या गल्लीत वळतात. तिथं जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दहा-बारा टेबलांचं एक ठिकाण असतं. पाटीवर ‘बार अँड बिस्ट्रो’ लिहिलेलं. आत जेवण मिळतं, बिअर-वाइन मिळते, कॉफीही मिळते. कुणी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं, कुणी नुसतंच बसलेलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईत अशी ठिकाणं फोर्टपासून वांद्र्यापर्यंत आणि पुढं पवईपर्यंत झाली. नोकरदार तिशीतल्या माणसांना त्यांची एवढी ओढ का वाटते, यावर माझ्या घरात दोन मतं आहेत आणि ती एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत.

एक मत माझ्या थोरल्या बहिणीचं. ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षिका होती आणि गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आडव्या बाटलीच्या मतदानासाठी दारोदार फिरली होती. दुसरं मत माझ्या मुलीचं. ती वकील आहे, लोअर परळच्या एका फर्ममध्ये काम करते, प्रभादेवीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते आणि जमेल त्या रविवारी डोंबिवलीला घरी येते. अशाच एका रविवारचं दोघींचं बोलणं खाली देतो आहे. मी बहुतेक वेळ ऐकत होतो. मात्र मला दोघींचं म्हणणं सारख्याच मापानं पटलेलं नाही, त्यामुळे जिथं माझं मत आहे तिथं ते सांगेन.

आत्या: मला एवढंच सांग, तिथं जाऊन तू करतेस काय?

लेक: बसते गं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. ऑफिसात बसते तेव्हा कुणाचं तरी काम करत असते. घरी गेले की खोली तिघींची, ओटा तिघींचा, आणि एकीचा फोन कायम स्पीकरवर. तिथं दोन तास माझ्याकडं कुणी काही मागत नाही.

आत्या: दोन तास बसायला दारूचं दुकानच लागतं?

लेक: निम्म्या वेळा मी लिंबूसोडा घेते.

आत्या: आणि उरलेल्या निम्म्या वेळा?

लेक: एक बिअर. कधी वाइनचा ग्लास. तुझ्यापासून लपवत नाही.

आत्या: लपवत नाहीस हे बरं आहे. पण मी ज्या बायकांबरोबर फिरले, त्यांच्या नवऱ्यांनीही एकापासूनच सुरुवात केली होती. तुला त्या मतदानाचा नियम माहीत आहे? दुकान बंद व्हायचं तर यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. म्हणजे जी बाई घराबाहेर पडूच शकली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखं. आम्ही एकेकीला हात धरून केंद्रावर आणलं. आदल्या रात्री मार खाल्लेली बाईसुद्धा आली होती, डोक्यावरून पदर पुढं ओढून. आणि तू मला सांगतेस, पाटीवर बिस्ट्रो लिहिलं की बाटली वेगळी होते.

लेक: बाटली तीच असते, आत्या. जागा वेगळी असते. तुमच्या गावच्या दुकानाला लोखंडी जाळी होती ना? जाळीतून पैसे आत, बाटली बाहेर. मुंबईतही क्वार्टर बार आहेत. लोक उभ्यानं पितात, चखण्याला मूठभर चणे, आणि दहा मिनिटांत बाहेर. तिथं कुणी बसावं अशी अपेक्षाच नसते, मागच्याला जागा करून द्यायची असते. मी जाते तिथं एक ग्लास दीड तास पुरतो, कारण समोर ताट असतं आणि बोलायला माणूस असतो.

इथं मला मुंबईचा एक जुना हिशेब आठवला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर या शहरातलं पिणं थांबलं नाही, ते घरांच्या मागल्या खोल्यांत शिरलं. वांद्रे, माहीम, धारावी भागांत हातभट्टीची दारू विकणाऱ्या आंटींचे अड्डे त्याच काळातले, आणि त्यातल्या कितीतरी जणी संसार चालवण्यासाठी तो धंदा करत होत्या. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. आजही महाराष्ट्रात दारू प्यायची तर कागदोपत्री परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५. परमिट रूम हे नाव त्या परवान्यावरूनच आलं. परमिट रूमच्या काळ्या काचा, जाड पडदे, दिवसाही पेटलेले मंद दिवे हे सगळं त्या चोरटेपणाचं उरलेलं रूप आहे, असं मला वाटतं. जे पाप म्हणून करायचं ते अंधारात करायचं, आणि अंधारात गेलेली गोष्ट पुरुषांच्या ताब्यात जाते.

आत्या: अंधार असो की उजेड, दारू ती दारू.

लेक: मग उजेडाचं सांगते. आई-बाबा लग्नानंतर दादरच्या एका परमिट रूममध्ये जेवायला गेले होते, ते आईनं तुलाही सांगितलं असेल. आईला थेट वरच्या मजल्यावर नेलं, फॅमिली सेक्शनमध्ये. खाली पुरुष, वर कुटुंब. इराण्याकडंही तसंच होतं, कोपऱ्यात लाकडी खण केलेली फॅमिली रूम. बाई आली तर ती कुणाची तरी बायको, बहीण, आई म्हणून येणार आणि पडद्याआड बसणार. एकटी बाई आली तर तिला कुठं बसवायचं, याचं उत्तरच त्या रचनेत नव्हतं. माझ्या ठिकाणी फॅमिली सेक्शन नाही. रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी आहे, मी तिच्यापाशी बसते. समोरच्या इमारतीतल्या काकू भाजी घेऊन जाताना मला बघतात, मी त्यांना बघते.

आत्या: त्यांना काय वाटत असेल?

लेक: पहिल्या महिन्यात वाटलं असेल. आता हात करतात.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. मुंबईतली बाई रस्त्यावर दिसते ती कामाला निघालेली, मुलाला शाळेत सोडणारी, भाजी आणणारी दिसते. काही कारण नसताना नुसती थांबलेली बाई दिसत नाही, आणि तसं थांबण्याचा हक्क हाच खरा नागरिकपणाचा हक्क, अशी त्यांची मांडणी आहे. माझ्या मुलीनं ते पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं. तेव्हा मला त्यातलं म्हणणं अतिरेकी वाटायचं. आज ती रात्री साडेनऊला खिडकीपाशी एकटी बसून पुस्तक वाचते आणि वेटर मधूनमधून पाणी भरून जातो, तेव्हा त्या पुस्तकातला मुद्दा मला कुठल्याही भाषणापेक्षा नीट समजतो.

मी तिच्याबरोबर तिथं गेलो आहे. मेन्यू एका पानाचा. बोंबील फ्राय, खिमा-पाव, एक मासळीचं कालवण, दोन पास्ते, एक सूप, आणि फळ्यावर खडूनं लिहिलेला त्या दिवसाचा एक पदार्थ. मालक चाळिशीतले, वडिलांचं उडपी हॉटेल याच भागात होतं. ते गल्ल्यावर बसत नाहीत, टेबलांमधून फिरतात. कुणाची आई आजारी आहे, कुणाची बदली बंगळुरूला झाली, कुणी दोन आठवडे दिसलेलं नाही, हे त्यांना ठाऊक असतं. एका टेबलावरचा आर्किटेक्ट दुसऱ्या टेबलावरच्या बँकवाल्याला जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातलं काहीतरी समजावत होता. दोघांची ओळख तिथलीच. एकट्या मुलीच्या टेबलापाशी एक जण जरा जास्त वेळ रेंगाळला, तर मालक शांतपणे मधे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. तो माणूस आपल्या जागी गेला. बाप म्हणून मला त्या संध्याकाळचं जेवण फारसं आठवत नाही, हे मात्र आठवतं.

लेक: रे ओल्डनबर्ग नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता. त्यानं १९८९ मध्ये ‘द ग्रेट गुड प्लेस’ लिहिलं. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी, आणि माणसाला तिसरी जागाही लागते, जिथं बोलावणं लागत नाही आणि हुद्दा दाराबाहेर राहतो. लंडनचे पब, पॅरिसचे कॅफे, व्हिएन्नाची कॉफीघरं, आणि अमेरिकेत गेलेल्या जर्मन लोकांच्या बिअर गार्डन्स, जिथं अख्खी कुटुंबं मुलाबाळांसकट यायची. तुझ्या गुत्त्यात आणि त्या बागेत पेय फार वेगळं नव्हतं, आत्या. सोबत वेगळी होती.

आत्या: तुझ्या पॅरिसला बिस्ट्रो कुणी काढले?

लेक: गंमत म्हणजे, बाहेरगावाहून आलेल्यांनी. ओव्हेर्न्य म्हणून फ्रान्समधला डोंगराळ, गरीब भाग आहे. तिथली माणसं पॅरिसला येऊन आधी पाणी वाहायची, मग कोळसा आणि लाकूड विकायची. नवरा कोळशाची पोती जिने चढून पोचवायचा आणि बायको दुकानात एका बाजूला वाइन विकायची. त्या कोळशाच्या दुकानांतून कितीतरी कॅफे झाले. कॅफे द फ्लोरचा मालकही त्याच भागातला होता. महायुद्धाच्या काळात सिमोन द बोव्हार तिथं जाऊन लिहायची, कारण तिथं शेगडी पेटलेली असायची आणि तिची हॉटेलातली खोली गार असायची.

आत्या: म्हणजे घर पुरत नव्हतं म्हणून.

लेक: तेच म्हणतेय मी.

आत्या: मग आता माझं ऐक. तुझा बिस्ट्रो आहे त्या जमिनीवर, त्या गल्ल्यांत, हे सगळं आधीच होतं. त्याला खानावळ म्हणत. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार, बायको-पोरं गावाला, इथं एका खोलीत पंधरा-वीस जण पाळ्यांनी झोपणारे. त्याला जेवू कोण घालायचं? त्याच चाळीतली एखादी बाई. एका खोलीत चूल, दारात पंगत. आज काय आहे ते पाटीवर लिहायला नको, वासावरून कळायचं. पैसे पगाराला. उधारी वहीत नाही, तोंडावर. कोण तापानं पडलाय, कुणाची पाळी बदलली, कुणी चार दिवस जेवायला आला नाही, हे त्या बाईला माहीत असायचं. तुझ्या मालकाचं जे कौतुक तू सांगतेस ना, ते सगळं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी त्या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसांचं काम गेलं. जेवणारा गेला तशी जेवू घालणारीही गेली. त्या गिरणीच्या जागेवर आता तू खिडकीपाशी बसतेस. त्या कामगाराचा नातू तिथं येतो का?

लेक: येतो.

आत्या: गिऱ्हाईक म्हणून?

मुलगी काही बोलली नाही. तिच्या ठिकाणचा वेटर लालबागचा आहे. त्याचे आजोबा गिरणीत होते, हे मला त्यानंच सांगितलं होतं, आणि मुलीलाही ते माहीत होतं.

लेक: नाही. गिऱ्हाईक म्हणून नाही.

आत्या: तुझ्या त्या समाजशास्त्रज्ञाच्या जागेत हुद्दा दाराबाहेर राहतो म्हणालीस. इथं तर दारावरच बिल लावलंय. एका संध्याकाळचे किती होतात?

लेक: जेवून, एक ग्लास घेऊन दीड हजार. कधी जास्त.

आत्या: आणि त्याला तू वस्तीतली जागा म्हणतेस. वस्तीतली किती माणसं तिथं बसू शकतात?

आता मधे बोलणं मला भाग आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर मालकाच्या लोभात नाही. अशा छोट्या ठिकाणाचं गणित मी त्या मालकांकडून समजून घेतलं आहे. मुंबईत परमिट रूमच्या परवान्याची वार्षिक फी काही लाखांत जाते. जागेचं भाडं त्याहून कितीतरी मोठं. जेवणावर ५ टक्के जीएसटी, आणि परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला. १४ जुलै २०२५ ला या करवाढीविरुद्ध राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला, त्यात हे लहान मालकही होते. आता विचार करा. एका टेबलावर एक जण दोन तास बसतो. त्या दोन तासांचं भाडं, पगार, वीज, परवाना त्याच्या एका ताटातून आणि एका ग्लासातून निघायला हवं. ताट महाग होणारच. स्वस्त विकायचं असेल तर टेबल दर वीस मिनिटांनी रिकामं व्हायला हवं, नाहीतर टेबलच काढून टाकायला हवं. क्वार्टर बार तेच करतो. म्हणून त्याच रस्त्यावर दोनशे पावलांच्या अंतरात एक माणूस दारू घाईनं, उभ्यानं, उपाशीपोटी घशात ओततो आणि दुसरा सावकाश, जेवणासोबत, ओळखीच्या माणसांत बसून घेतो. पहिल्याला आपण दारुडा म्हणतो, दुसऱ्याला रसिक. दोघांच्या स्वभावात मोठा फरक असतो असं मला वाटत नाही. एकाला बसण्याची किंमत देता येते, एकाला येत नाही. आणि बसता न आल्यामुळेच पिणं अधिक वाईट होतं. माझ्या बहिणीनं ज्यांचे संसार मोडताना पाहिले, त्यांना बसायला जागा कधी मिळालीच नव्हती.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा दोघींनाही ते पुरतं पटलं नाही.

आत्या: तू पिण्याला कारण शोधून देतोयस. टेबल दिलं असतं तर आमच्या गावातले लोक कमी प्याले असते?

लेक: बाबा, मी पैसे देते ते चूक करते असंही नाही. चौदा-चौदा तास काम करून मिळवलेले पैसे आहेत. कुणी दागिने घेतं, मी संध्याकाळ घेते.

आत्या: घे ना. तुझा पैसा, तुझी संध्याकाळ. पण मला भीती वेगळीच वाटते. २९ डिसेंबर २०१७. तू तेव्हा कुठं होतीस आठवतं?

लेक: आठवतं. ट्रेनिंगला आले होते. रात्री दहालाच तिथून बाहेर पडले होते.

लोअर परळच्या कमला मिलच्या गच्चीवरची ती आग मध्यरात्रीनंतर लागली. वन अबव्ह आणि मोजोज बिस्ट्रो ही दोन शेजारची ठिकाणं तिनं घेरली. १४ माणसं गेली, त्यात बहुतेक मुली आणि बायका होत्या. धुरानं कोंडून, बाहेर पडायची वाट न सापडून. माझ्या बहिणीनं त्या सकाळी गावाहून फोन केला होता आणि मुलीचा आवाज ऐकेपर्यंत ती काहीच बोलू शकली नव्हती.

आत्या: तिथं गच्चीवर छप्पर घातलं होतं, वाट अडली होती, आणि हे सगळं डोळ्यांसमोर असून चालू होतं. तुझ्या बिस्ट्रोला मागचं दार आहे?

लेक: आहे. मी बघितलंय. त्या रात्रीनंतर कुठंही बसायच्या आधी मी मागचं दार बघते. पण म्हणूनच मला गच्च्या आणि मॉलमधली पाचशे माणसांची ठिकाणं नकोत, हे छोटं ठिकाण हवं. इथं तळमजल्यावर दहा टेबलं आहेत आणि मालकाला प्रत्येक चेहरा माहीत आहे. कर, परवाने, भाडं असंच वाढत राहिलं तर हेच आधी बंद होईल आणि पाचशे माणसांचं टिकेल. म्हणजे तुला ज्याची भीती वाटते तेवढंच उरेल.

हा मुद्दा माझ्या बहिणीच्या डोक्यात आला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आजवर तिच्यासाठी एकच प्रश्न होता, दारूची जागा असावी की नसावी. ती कुठली असावी, केवढी असावी, तिचा मालक गिऱ्हाइकाला ओळखतो की नाही, हे प्रश्न तिनं कधी विचारलेच नव्हते. विचारायला उसंत तरी कुठं होती? तिच्या गावात दुकान एकच होतं आणि त्याला जाळी होती.

फोर्टातलं कॅफे मिलिटरी, कॅफे युनिव्हर्सल, कुलाब्यातलं १९३२ पासूनचं मोंडेगार ही इराण्यांची ठिकाणं मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटतात. चहा-मस्क्यावर सुरू झालेल्या इराणी हॉटेलांच्या जातकुळीतलीच ही ठिकाणं. आता तिथं दुपारी खिम्यासोबत बिअर घेणारा वकील, पलीकडे पाव-ऑम्लेट खाणारा कारकून आणि नकाशा पसरून बसलेले पर्यटक एकाच पंख्याखाली बसतात. मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी काढलेली गर्दी आणि खालची गर्दी यांत फारसा फरक नाही. जुनी मालकी, जुनं भाडं यांच्या आधारावर ती ठिकाणं तगून आहेत. नव्यानं कुणी काढू म्हणेल तर या शहरात ते जमणार नाही. माझ्या मुलीचा बिस्ट्रो चांगला आहे, पण कॅफे मिलिटरीत जसा कारकून बसतो तसा तिथं बसू शकत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आत्या: मी एक विचारू? तुला बसायला जागा हवी. ओळखीची माणसं हवीत. एकटीनं बसलं तरी कुणी विचारू नये असं हवं. मग वाचनालय का नको? शिवाजी पार्कचा कट्टा का नको? आमच्या लहानपणी चाळीची गॅलरी होती, भजनी मंडळ होतं, व्यायामशाळा होती. कुणी एक पैसा घेत नव्हतं.

लेक: कट्ट्यावर मी बसते. दादरला गेले की बसते. पण पावसाळ्यात चार महिने काय? आणि रात्री दहाला एकटी बसले की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, कुणाची वाट बघताय. चाळीच्या गॅलरीत तू बसायचीस, कारण तू त्या चाळीतली मुलगी होतीस. प्रभादेवीत मी कुणाचीच मुलगी नाही. व्यायामशाळेत मुली होत्या?

आत्या: नव्हत्या.

लेक: आणि वाचनालय किती वाजता बंद होतं?

आत्या: इथलं, डोंबिवलीतलं, आठला.

लेक: मी ऑफिसातून साडेआठला सुटते.

मुंबईत दर माणशी मोकळी जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर येते. एक माणूस पाय लांब करून बसला तर संपली. शहरानं आपल्या माणसांना बसायला जागा द्यायची हे नगररचनेचं साधं काम आहे. ते महापालिकेनं केलं नाही, गृहनिर्माण संस्थांनी केलं नाही; ते परवाना काढून, कर भरून एका उडपी हॉटेलवाल्याच्या मुलानं केलं. त्यात तो दारू विकतो हे माझ्या बहिणीला खुपतं. मला जास्त खुपतं ते हे, की दारू विकल्याशिवाय त्याला ती जागा चालवताच येत नाही. त्याला विचारलं तर तोही हेच सांगतो. ताटावर भाडं निघत नाही, ग्लासावर निघतं.

आत्या: मग वाचनालय अकरापर्यंत उघडं ठेवलं तर?

लेक: आत काहीतरी खायला मिळेल?

आत्या: मिळायला हवं. बचतगटाच्या बायका करतील. खानावळीसारखं. रोज एक भाजी, एक आमटी, वाटलं तर मासळी.

लेक: पंखे चालतील? दिवे नीट असतील? स्वच्छतागृह बायकांचं वेगळं, आणि त्याला कडी असेल? दारावरचा माणूस वहीत नाव लिहून घेताना ‘मिस्टर काय करतात’ विचारणार नाही? दोन तास एका चहावर बसलं तर उठवणार नाही? मोठ्यानं बोललं, हसलं तर ‘शांतता राखा’ची पाटी दाखवणार नाही?

आत्या: वाचायची खोली वेगळी, बोलायची वेगळी. वरचा हॉल नाहीतरी लग्नसराई सोडली तर रिकामाच असतो.

लेक: मग मी येईन. इथं नाही, प्रभादेवीत असं कुणी काढलं तर रोज जाईन.

आत्या: आधी इथं होऊ दे. वाचनालयाच्या कार्यकारिणीत तिघं माझ्या ओळखीचे आहेत. ते पहिलं विचारतील, रात्री अकरापर्यंत कोण येणार? बायका येणार आहेत का?

लेक: डोंबिवलीला रोज साडेनऊच्या गाडीनं परतणाऱ्या किती मुली आहेत ते त्यांना स्टेशनवर उभं राहून मोजायला सांग. घरी जायच्या आधी अर्धा तास बसायला जागा मिळाली तर त्यातल्या कितीतरी येतील. अर्ज तू लिही, नियमांचा मसुदा मी करून देते. आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा जिना हवा, हे पहिल्याच कलमात घाल.

आत्या: घालते. दारू नाही, हे दुसऱ्या कलमात.

लेक: चालेल. पण मग शुक्रवारी मी माझ्या खिडकीपाशीच बसणार.

आत्या: बस. मी अर्जात शनिवार ते गुरुवार लिहिते.